वाईन न घेणाऱ्यांसाठीही जागा आहे: आमच्या वायनरीतली वाईन कॉकटेल आणि बिनअल्कोहोलची पेयं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना जिल्ह्यात आमची वाईनच्या द्राक्षांची बाग आहे, बागेला लागून छोटी वायनरी आणि चिंचेच्या झाडाखाली टेस्टिंगची, म्हणजे वाईन चाखायची जागा. काउंटरवर बहुतेक वेळा मीच असते. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि समोर उभं राहून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बरेच प्रश्न पाहुण्यांचे आहेत. काही आमच्यासारखं काही करू पाहणाऱ्या बागायतदारांचे आहेत.

आमच्या घरात कुणीच घेत नाही. तरी आलो तर चालेल का?

अवश्य या. बिनअल्कोहोलची यादी आम्ही केली ती तुमच्यासारख्यांमुळेच.

पहिल्या हंगामात परभणीकडचं एक कुटुंब वेरूळ, घृष्णेश्वर करून परतताना आमच्याकडे थांबलं. मुलगा, सून, जावई आत आले, बाग पाहिली, टेस्टिंग घेतलं, फोटो काढले. तासाभराने त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले तर गाडीत मागच्या सीटवर आजी बसलेल्या. काच खाली केलेली, पदराने वारा घेत होत्या. मार्चचं ऊन. "आजी, आत का नाही आलात?" म्हटलं, तर म्हणाल्या, "देवाचं करून आले बाई, दारूच्या जागी कशी येऊ? आणि येऊन तरी काय पिऊ?"

बाग घडांनी लगडलेली होती आणि त्यांच्या हातात द्यायला माझ्याकडे माठातल्या पाण्याशिवाय काही नव्हतं. ते मला फार लागलं. त्याच रात्री चिंच भिजत घातली, गूळ किसला आणि सकाळच्या ताज्या द्राक्षरसात ते मिसळून पाहिलं. पहिल्या घोटाला फसलं, चिंच जास्त झाली होती. आठवडाभरात जमलं. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी त्याच पेयाला आहे.

पण वायनरीने सरबतं कशाला करायची? वाईन विकून भागत नाही का?

मराठवाड्यात माणूस एकटा फिरायला निघत नाही. घरदार घेऊन निघतो, आणि सहसा कुठल्यातरी देवाला निघतो: तुळजापूर, परळी, औंढा, नांदेडचा गुरुद्वारा, पैठण. किंवा वेरूळ-अजिंठ्याला. सात माणसांच्या गाडीत वाईन घेणारे दोघं, फार तर तिघं. उरलेल्या चौघांना जिथे काही नाही, तिथे ती गाडी थांबतच नाही. नाशिकची गोष्ट वेगळी आहे. तिथे सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली आणि मुंबई-पुण्याचा शनिवार-रविवारचा पाहुणा खास वाईनसाठीच यायला लागला. आमच्याकडे वाट वाकडी करून येणारा पाहुणा आधी घरच्यांचा विचार करतो.

दुसरं कारण जगाचं आहे. लोकांचं वाईन पिणं कमी होत चाललंय. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाईन संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये जगभरात मिळून सुमारे 214 दशलक्ष हेक्टोलिटर (2,140 कोटी लिटर) वाईन खपली, म्हणजे 1961 नंतरचा सगळ्यात कमी आकडा. तरुण मुलं हलकं, थंड, कमी अल्कोहोलचं काहीतरी मागतात किंवा अल्कोहोलच नको म्हणतात. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या जुन्या वायनऱ्याही आता काउंटरवर स्प्रिट्झर (सोडा घातलेली वाईन) आणि बिनअल्कोहोलचे ग्लास ठेवू लागल्या आहेत.

वाईन कॉकटेल म्हणजे काय? वाईनमध्ये दारू मिसळता का?

नाही. जिन, रम, व्होडका आमच्या आवारात नाही. आमचं कॉकटेल म्हणजे आमचीच वाईन, फळाचा रस, सोडा आणि बर्फ. जगात ही रीत जुनी आहे. ऑस्ट्रियात पांढऱ्या वाईनमध्ये सोडा घालून स्प्रिट्झर पितात, स्पेनमध्ये लाल वाईनमध्ये फळं मुरवून सांग्रिया करतात, इटलीतल्या व्हेनिसमध्ये पीचचा गर घालून बेलिनी करतात. थंडीच्या देशांत दालचिनी-लवंग घालून वाईन गरम करतात. डिसेंबरात इथेही रात्री गारठा असतो, तेव्हा गरम वाईन आम्हीही देतो.

चांगल्या वाईनमध्ये सोडा ओतला की तिची माती होत नाही का?

हा प्रश्न मला आमच्या वाईनमेकरनेच पहिल्यांदा विचारला होता, आणि त्याची कळकळ खरी होती. वर्षभर जपलेली वाईन बर्फात बुडवलेली बघवत नाही. म्हणून आम्ही एक नियम केला. लाकडी पिंपात मुरवलेली शिराझ आणि कॅबर्ने ही लाल वाईन मिसळायची नाही, ती नुसतीच द्यायची. कॉकटेलला बहुतेक वेळा वापरायची ती ताजी, आंबटसर, पांढरी शेनिन ब्लां किंवा हलकी, गुलाबी रोझे. या वाईन थंडच प्यायच्या असतात, आणि त्यांचा आंबटपणा फळाला छान उचलून धरतो.

आणि वाईन पहिल्यांदाच चाखणाऱ्याला कोरडी, तुरट लाल वाईन दिली की तो तोंड वाकडं करतो आणि पुन्हा कधी हात लावत नाही. तोच माणूस मोसंबीच्या स्प्रिट्झरपासून सुरुवात करून तासाभराने "ती नुसती द्या बरं जरा" म्हणतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

यादीत काय काय असतं?

हंगामाप्रमाणे बदलतं. बारमाही यादी छापून ठेवली की बाटलीबंद सिरप वापरावं लागतं, आणि ते मला नको आहे.

वाईनवाल्यांत पहिली मोसंबी स्प्रिट्झर. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती आमच्या बांधापलीकडे पिकते. 90 मिली थंड शेनिन, 30 मिली मोसंबीचा रस, 60 मिली सोडा. यात एकच मेख आहे: मोसंबीचा रस काढून ठेवला की थोड्या वेळात कडू होतो. सकाळी रस काढून बाटल्या भरून ठेवणं सोयीचं असतं, पण दुपारी त्याच रसाने पेय बिघडतं. म्हणून प्रत्येक ग्लासाला मोसंबी तिथल्या तिथे कापायची. फळ बिया चिरडेपर्यंत पिळायचंही नाही. यामुळे गर्दीत वेळ लागतो, तेवढा धीर धरा. दुसरी आमची सांग्रिया: पिंपात न मुरवलेल्या लाल वाईनमध्ये डाळिंब, पेरू आणि संत्र्याच्या फोडी रात्रभर मुरवलेल्या.

बिनअल्कोहोलमध्ये चिंच-गुळाचा द्राक्षरस. त्यात भाजलेलं जिरं आणि चिमूटभर काळं मीठ. चिंच लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीची आणतो. तिलाही मानांकन मिळालंय, आणि तिच्या आंबटपणात एक गोडसर खोली आहे जी बाजारातल्या चिंचेत सापडत नाही. मे महिन्यात केशर आंब्याचं पन्हं, त्यात गोडी द्राक्षरसाची. सब्जा घातलेला हिरव्या, म्हणजे कच्च्या द्राक्षांचा आंबट सोडा. हिवाळ्यात द्राक्षाच्या चोथ्याचा काढा.

चोथ्याचा काढा? चोथा तर वाईनचा असतो ना, मग त्यात अल्कोहोल नाही का?

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर प्रत्येक वायनरीत विचारून घ्या. पांढरी वाईन करताना द्राक्षं आधी दाबून रस काढतात आणि नुसता रस आंबवतात. त्यामुळे तिचा चोथा आंबलेला नसतो. लाल वाईन मात्र सालासकट आंबवतात, रंग सालातून येतो म्हणून. तिचा चोथा वाईनमध्ये भिजलेला असतो, त्यात अल्कोहोल असतंच. आम्ही काढ्याला फक्त पांढऱ्या द्राक्षांचा चोथा घेतो, दाबल्या दाबल्या लगेच. पातळ पसरून सोलर ड्रायरमध्ये वाळवतो आणि हिवाळ्यात सुंठ, दालचिनी घालून उकळतो. ओला चोथा दुपारपर्यंत उन्हात राहिला तर स्वतःहून आंबायला लागतो. मग तो खतातच जातो.

'बिनअल्कोहोल' म्हणजे अगदी शून्य का?

आमच्या रसाच्या पेयांत व्यवहारात शून्य, कारण ती कधी आंबवलेलीच नसतात. पण दुकानातल्या बाटलीवर नुसतं 'नॉन-अल्कोहोलिक' वाचून शून्य धरू नका. भारतात अन्नसुरक्षेच्या नियमांत 0.5 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय हे अल्कोहोलचं पेय मानलं जातं. म्हणजे त्याखालचा अंश असूनही एखादी बाटली त्या यादीबाहेर राहू शकते.

बऱ्याच जणांना त्या अंशाने फरक पडत नाही. पण आमच्याकडे मुस्लीम पाहुणे येतात, माळकरी येतात, गरोदर बायका येतात, दारू सोडून वर्ष-दोन वर्षं निग्रहाने काढलेली माणसंही येतात. त्यांच्यासाठी अंश हाही अंशच आहे. म्हणून अल्कोहोल काढलेली वाईन आम्ही 'बिनअल्कोहोल' यादीत घालतच नाही, तिची पाटी वेगळी आहे. रसाचे ग्लास आकाराने वेगळे, धुण्याचा टब वेगळा, गाळणी वेगळी. काउंटरवर "यात काही नाही ना?" असं कितीही वेळा विचारा. मला त्याचा कंटाळा येत नाही.

अल्कोहोल काढलेली वाईन आणि द्राक्षरस यांत फरक काय?

रस आंबवलेला नसतो, म्हणून द्राक्षाची सगळी साखर त्यात असते. अल्कोहोल काढलेली वाईन आधी पूर्ण वाईन होते, साखरेचं अल्कोहोल होतं, आणि मग ते अल्कोहोल काढून घेतात. साध्या दाबाला अल्कोहोल 78 अंशांना उकळतं. तेवढी उष्णता दिली तर वाईन शिजून जाते. म्हणून निर्वात टाकीत दाब उतरवून तिशीच्या आसपासच्या तापमानाला ते उडवतात, किंवा अतिशय बारीक पडद्यातून दाबाने गाळून वेगळं करतात. ही यंत्रं महाग असतात, आमच्यासारख्या छोट्या वायनरीच्या आवाक्यातली नाहीत. चवीचं खरं सांगायचं तर अल्कोहोल गेलं की वाईन पातळ लागते, वासही थोडा उडतो, आणि ती उणीव भरायला पुष्कळदा साखर घालतात. माझी पसंती चांगल्या ताज्या रसालाच आहे.

मला मधुमेह आहे. रसाची पेयं चालतील का?

जपून. वाईनची द्राक्षं काढणीला येतात तेव्हा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं साधारण टक्क्यांतलं माप, 22 ते 24 असतं. अशा रसाच्या 150 मिलीच्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर साखर जाते, म्हणजे सहा-सात चमचे. 'नैसर्गिक आहे' म्हणून रक्तातली साखर थांबत नाही. तुम्ही हिरव्या द्राक्षांचा आंबट सोडा घ्या, गूळ न घालता. काढाही बिनसाखरेचा मिळतो. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर वाईनबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

रेड वाईन हृदयाला चांगली असते ना?

हे ऐकून बरेच जण येतात. आम्ही वाईन आरोग्यासाठी विकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. वाईन चवीसाठी घ्यावी, थोडी घ्यावी, आणि औषध म्हणून सुरू तर अजिबात करू नये.

स्प्रिट्झर हलकं असतं. दोन घेऊन गाडी चालवली तर?

नाही. मोसंबी स्प्रिट्झरमध्ये 90 मिली वाईन असते. वाईन 12 टक्क्यांची धरली तर त्यात 10.8 मिली शुद्ध अल्कोहोल. नुसत्या वाईनच्या 150 मिलीच्या ग्लासात 18 मिली. म्हणजे दोन स्प्रिट्झर हे एका ग्लास वाईनपेक्षा जास्त भरतात. वर ते थंड आणि गोड, त्यामुळे भराभर उतरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिंबू चोखून, कॉफी पिऊन, तोंडावर पाणी मारून अल्कोहोल उतरत नाही, त्याला वेळच लागतो.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून लोक जालन्याहून वाऱ्यासारखे जातात. त्या सरळ रस्त्यावर डोळा लागायला दारूचीही गरज नसते. गाडी चालवणाऱ्याला आमच्याकडे बिनअल्कोहोलचं पेय मोफत आहे, हवे तितके ग्लास. भाड्याच्या गाडीचा चालक असेल तर त्यालाही. त्याला झाडाखाली पाटावर बसवून ठेवत नाही, तो टेबलावरच बसतो.

लहान मुलांना आणता येईल? वयाची अट काय?

महाराष्ट्रात वाईनसाठी वय 21 पूर्ण लागतं, ओळखपत्र बघितलं जातं. मुलं बागेत आणि झाडाखाली खुशाल येऊ देत. त्यांना रस स्टीलच्या पेल्यात देतो, वाईनच्या ग्लासात देत नाही. मुलांनी तो आविर्भाव शिकावा असं मला वाटत नाही.

आषाढीला आलो तर?

त्या दिवशी ड्राय डे असतो. तसाच 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला आणि मतदानाच्या वेळी. वाईनचं काउंटर बंद, रसाचं चालू. आषाढीच्या आधी दिंड्या आमच्या रस्त्याने जातात, तेव्हा चिंच-गुळाचं पाणी पिंप भरून फाटकाबाहेर ठेवतो. त्याचे पैसे घेत नाही.

गावात विरोध झाला नाही का?

झाला, आणि तो रास्त होता. या भागात दारूने घरं बसलेली सगळ्यांनी पाहिली आहेत. मतदान करून बाटली आडवी करणाऱ्या बायकांच्या चळवळीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आमच्याच आळीतल्या दोन काकू ग्रामसभेत उठून बोलल्या होत्या. त्यांना मी एवढंच सांगितलं की वायनरीत पाहुणे बसतील, गावातल्या माणसांसाठी इथे गुत्ता होणार नाही. सुटी विक्री संध्याकाळी सहाला बंद होते, उधारी नाही, आणि पिऊन आलेल्याला आत घेत नाही. त्या दोघींपैकी एक आज चिंच निवडायचं काम बघतात. दुसऱ्या अजून नाराज आहेत. तो त्यांचा हक्क आहे.

मराठवाड्यात पाण्याची बोंब, आणि तुम्ही वाईन करता?

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांचं पाणी कापायचे आदेश दिले. हे विसरून इथे कुणी धंदा करू नये. द्राक्ष ठिबकवर येतं. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं आणि शेततळी करून द्राक्षबागा कशा उभ्या केल्या, ते जाऊन बघण्यासारखं आहे. वायनरीत खरं पाणी लागतं ते टाक्या, नळ्या, फरशी धुवायला. आम्ही आधी रबरी वायपरने घाण ओढून घेतो, मग कमी पाण्यात धुतो, आणि ते पाणी खाली बसवून, गाळून बांधावरच्या झाडांना देतो. शेततळं आटायला आलं की टेस्टिंगचे दिवस कमी करतो.

आमचीही बाग आहे. रस, आंबट सोडा असं काही सुरू करायचं तर काय लक्षात ठेवायचं?

सगळ्यात आधी फवारणीचं रजिस्टर. हिरव्या द्राक्षांचा आंबट रस काढायचा मोह होतो, कारण विरळणीत उतरवलेले घड फुकट जाताना दिसतात. पण त्याच काळात डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या जोरात चालू असतात. प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी असा ठरावीक अवधी असतो, आणि तो हिरव्या द्राक्षालाही तितकाच लागू आहे. अवधी संपला नसेल तर तो घड कितीही हिरवागार दिसो, प्यायचा नाही. आम्ही यासाठी दोन ओळी वेगळ्या ठेवल्या आहेत.

दुसरं, रस जिवंत असतो. द्राक्षाच्या सालावर यीस्ट असतंच. सुरुवातीला मी ताजा रस नुसता फ्रीजमध्ये ठेवून विकायचे. एक दिवस लाईट गेली, जनरेटरचं डिझेल संपलेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाटलीचं झाकण उडून पत्र्याला लागलं. कुणाला इजा झाली नाही. पण त्या बाटल्या 'बिनअल्कोहोल' म्हणून कुणाच्या हातात गेल्या असत्या, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. अख्खा लॉट ओतून दिला. आता रस 80 ते 85 अंशांना तापवून, गरम असतानाच निर्जंतुक बाटलीत भरतो. ताजा हवा असेल तर काढल्यापासून त्याच दिवशी संपवतो.

कागदपत्रांत रसाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना लागतो. वाईनचा व्यवहार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. तुमच्या परवान्यात ग्लासाने देणं आणि मिसळून देणं बसतं का, हे जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयातून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर बांधकाम काढू नका. वाईन जीएसटीच्या बाहेर आहे, तिला व्हॅट. रसाला जीएसटी. बिलं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

बाटली घरी नेता येईल का?

येईल, पावतीसकट. फक्त एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका. इथे बाहेर 42 अंश असतं, डिकीत त्याहून कितीतरी जास्त. कॉर्क वर सरकतं आणि वाईन शिजल्यासारखी लागते. पायाशी, ओल्या पोत्यात गुंडाळून न्या. आणि तंबाखू खाऊन टेस्टिंगला आलात तर आधी चूळ भरा, नाहीतर सगळ्या वाईन सारख्याच लागतील.

कधी यावं?

काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. घड उतरवायचं काम पहाटे सुरू होतं, कारण द्राक्ष थंड असतानाच वायनरीत जायला हवं. ते बघायचं असेल तर सातच्या आत या, टोपी आणि जुनी चप्पल घालून. ठिबकने माती ओली असते. पहिला रस नऊच्या सुमारास निघतो, आणि जो त्या वेळी शेजारी उभा असेल त्याला तो पेल्यात तसाच, फेसासकट मिळतो. आदल्या दिवशी फोन करा, किती जण आणि त्यात न घेणारे किती ते सांगा. त्या हिशेबाने रात्री चिंच भिजत घालते.